बंडवाल्याचे बंडीवाले झाले

गेल्या फेब्रुवारीत अमरावतीच्या माझ्या जुन्या कॉलेजात एका दाखल्याची नक्कल आणायला गेलो होतो. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "सायेब जेवून येतीन, मंग सही होईन. बसा तिकडं कुठं." बसायला जागा शोधत व्हरांड्यातून चाललो होतो, तर मोठ्या हॉलचं दार उघडं दिसलं. आत कोणी नव्हतं. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेरच्या कडुनिंबाची पिवळी पानं वाऱ्यासरशी आत येऊन फरशीवर पसरली होती. लाकडी खुर्च्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या होत्या. वास मात्र तोच होता, चुन्याचा आणि गुंडाळून ठेवलेल्या जुन्या सतरंज्यांचा. तो नाकात गेला आणि माझे पाय आपोआप डावीकडच्या, मागून तिसऱ्या रांगेकडे वळले.

पस्तीस वर्षांपूर्वी त्या रांगेत उभं राहून मी माझ्या मोठ्या बाबांना नाकारलं होतं.

हे मी तोवर कोणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. प्रसंग इतका लहान आहे की सांगायला गेलं तर ऐकणारा विचारील, "बस, एवढंच?" त्या वेळी मलाही तेवढंच वाटलं होतं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वऱ्हाडात त्यांना काका म्हणत नाहीत, आणि त्यांची बायको ती मोठी आई. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. अकोल्याच्या जुन्या शहराबाहेर, मोर्णेच्या काठाला आमचा भाजीचा मळा होता. दिवाळीनंतर मेथी आणि पालक, माघात वांगी, बांधाच्या कडेनं शेवंती, आणि पाणी असेल तोवर सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पहाटे उपटलेल्या जुड्या ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेल्या असत. पोतं उचललं की जो गार, हिरवा वास येई, त्याच्यात माझं अर्धं बालपण आहे. उरलेलं अर्धं जिनिंगकडून वाऱ्यावर येणाऱ्या सरकीच्या वासात.

त्या सांबाराचीही एक गोष्ट होती. मोठे बाबा मुंबईला आरमारात दाखल झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी भटारखान्यातल्या मद्रासी स्वयंपाक्याकडे भाजीवर घालायला थोडा सांबार मागितला. त्यानं डाव भरून सांबार भाजीवर ओतला.

"मी म्हटलं, अरे, हिरवा सांबार! तं तो म्हने, हिरवा झाला का आमी फेकून देतो."

"कोणत्या भाषेत बोलत होता तुम्ही?"

"हिंदीत. त्याची बी मोडकी, माही बी मोडकी. दोन मोडक्या जमल्या का काम चालते बापू."

बापू म्हणजे मी. घरात मला तेच म्हणत.

लढाईचे दिवस होते, भरती जोरात होती. सतरा-अठरा वर्षांचे मोठे बाबा घरी न सांगता निघून गेले, बिनतारी संदेशाचं काम शिकले, आणि सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईच्या नाविकांनी जे बंड केलं त्यात सामील झाले. पाच-सहा दिवसांत ते बंड विझलं. मोठ्या बाबांना काही आठवडे छावणीत डांबलं, मग वर्दी काढून घेतली आणि अकोल्याचं तिकीट हातावर ठेवलं. परत आल्यावर लोक त्यांना बंडवाला म्हणू लागले, काही कौतुकानं, बरेचसे भीतीनं. पुढे ते मळ्यातली भाजी बंडीत घालून जुन्या शहराच्या बाजारात नेऊ लागले. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. दोन-चार वर्षांत बंडवाल्याचा बंडीवाला झाला. कोणी मुद्दाम केलं नाही. जीभ सोपी वाट धरते. मी कळता झालो तोवर त्यांचं खरं आडनाव पोस्टमनलासुद्धा ठाऊक नव्हतं, पत्रं यायची ती "श्री. बंडीवाले, जुने शहर, अकोला" अशी. बंडी हाकतात म्हणून बंडीवाले, असंच मलाही कितीतरी वर्षं वाटत होतं. ते स्वतः कोणाची चूक दुरुस्त करत नसत.

शनिवारी ते बंडी धूत. नदीच्या उथळ पाण्यात उभी करायची, नारळाचा काथ्या लांब दांड्याला बांधायचा, आणि वाकून फळी न् फळी घासायची, जहाजाचा डेक घासावा तशी. धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, पाठ उन्हात चमकतेय, बैल कंटाळून दुसरीकडे बघतायत. काठावरून जाणारे लोक थट्टा करत.

"बंडीवाले, समुद्रात सोडता का काय बंडी?"

"सोडाचीच हाये. चालता का? भांडे घासाले मानूस पाह्यजे."

बाजारात गिऱ्हाईक फार घासाघीस करू लागलं की त्यांची बोटं बंडीच्या फळीवर वाजू लागत. टक, टकटक, टक. मी एकदा विचारलं, हे काय करता? म्हणाले, "बिनतारीत शिव्या देऊन रायलो. पन त्याले समजत नाई ना." आणि गिऱ्हाइकाकडे पाहून गोड हसून त्याच भावात जुडी दिली.

दुपारी जेवण झालं की ते पितळी ताट मांडीवर घेऊन तुरीची डाळ निवडत बसायचे. पुरुषमाणसानं ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत डाळ निवडणं आमच्या गल्लीत दुसरीकडे कुठे नव्हतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ताट उन्हाकडे तिरपं धरलेलं, आणि बोटाखालून डाळ सरकत असल्याचा बारीक खळखळ आवाज. समोरच्या बाई विचारायच्या, "काहो भाऊजी, घरच्या बाईले दिसत नाई का?"

"दिसते वो. पन खडा मले ओयखते, तिले नाई ओयखत."

बंडाची हकिकत त्यांनी एका दमात कधी सांगितली नाही. ती अशीच डाळीबरोबर, मेथीच्या जुड्या बांधता बांधता, लहान-मोठ्या तुकड्यांनी आली, आणि मी ती जोडत गेलो. डाळीत खडे, पोळीत किडे, गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडी आई-बहिणीवरची शिवी. एका सकाळी खाण्याच्या रांगेत कोणी ताट पुढे केलं नाही. मोठ्या बाबांच्या हिशेबी सुरुवात तेवढीच. मग बिनतारीवरून बातमी एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि दोन दिवसांत बंदरातल्या डोलकाठ्यांवर तिरंगा, हिरवा आणि लाल असे तीन झेंडे एकत्र चढले.

"तिनई झेंड्यायले एकच दोरी पुरली," ते सांगत.

"दोरी कोणाची होती?"

"सरकारची!" आणि पोट धरून हसत.

हसू ओसरलं की मी पुढचं विचारायचो. मग काय झालं? ते ताटातली डाळ उगाच इकडून तिकडे सारत.

"मंग काय होनार? भूक सगळ्यायची एक व्हती. पन उद्या सकायी काय कराचं, ते कोनालेच ठावं नव्हतं."

विशी-पंचविशीतली पोरं त्यांची समिती. त्यांनी एकाच कागदावर लिहिलं: जेवण चांगलं द्या, गोऱ्यांच्या बरोबरीनं वागवा, आझाद हिंदचे कैदी सोडा, इंडोनेशियातून हिंदी पलटणी परत आणा. बराकीतल्यांना जहाजावर काय ठरलं ते कळत नव्हतं, जहाजावरच्यांना बराकीत गोळीबार का झाला ते कळत नव्हतं. तोफा होत्या, त्या कोणावर वळवायच्या आणि वळवल्यावर पुढे काय, हे सांगणारं कोणी नव्हतं. ज्या पुढाऱ्यांच्या भरवशावर होते, ते म्हणाले, शस्त्रं खाली ठेवा. ठेवली.

आणि ती केळीवाली बाई. ती गोष्ट ते फार क्वचित सांगत. बंडकऱ्यांचं अन्नपाणी तोडलं तेव्हा मुंबईची माणसं फळांच्या टोपल्या, पोळ्यांची गाठोडी घेऊन धक्क्याकडे धावली. कठड्यावरून एका बाईनं मोठ्या बाबांच्या हातात केळी दिली. पुढच्या दोन दिवसांत शहरात गोळीबार झाला. नाविकांपेक्षा रस्त्यावरची माणसंच जास्त मेली.

"आमच्यापायी मेले बापू ते. आमी जितेजागते घरी आलो. ते बाई तिच्या घरी पोचली का नाई, मले ठावं नाई."

पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं. काढून टाकलेल्या नाविकांना पुन्हा घेतलं नाही. मोठे बाबा एवढंच म्हणत, "स्वराज्य आलं, वर्दी नाई आली," आणि बैलांना पाणी दाखवायला उठत.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही त्या हॉलमध्ये ते घडलं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, होस्टेलवर राहत होतो. घरी भाजीचा मळा आहे असं मी मित्रांना सांगितलं नव्हतं. बागाईत आहे असं सांगितलं होतं. एका सकाळी फळ्यावर सूचना वाचली: नाविकांच्या बंडातील सैनिक श्री. बंडीवाले, अकोला, यांचे अनुभवकथन. इतिहासाच्या सरांना कुठून तरी त्यांच्याविषयी कळलं होतं. मोठ्या बाबांनी मला काहीच कळवलं नव्हतं. मला चकित करायचं त्यांच्या मनात असावं.

ते आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, टोपी. व्यासपीठावर पाय जुळवून, छाती काढून उभे राहिले. सर दुसऱ्या भागातून नुकतेच आलेले, फार शुद्ध बोलायचे. त्यांनी ओळख करून दिली, "आज आपल्यामध्ये आहेत श्री. बंडीवाले." मागून कोणीतरी ओरडलं, "बैल बाहीर बांधले का बे?" सगळा हॉल हसला. माझ्या शेजारी बसलेला दिलीप, माझ्याच खोलीत राहणारा, तोही हसला. मीही हसलो. ते हसू माझ्या तोंडावर कसं आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मोठे बाबा वीसेक मिनिटं बोलले, घरी बोलत तसंच. डाळीतल्या खड्यांपाशी पुन्हा हशा झाला. शेवटी सरांनी समारोपासारखं विचारलं, "म्हणजे आजोबा, नेतृत्व नाही, योजना नाही, मागण्यांचा क्रम नाही. डाळ आणि इंडोनेशिया एकाच कागदावर! यातून आमच्या विद्यार्थ्यांनी काय शिकावं?"

मोठे बाबा म्हणाले, "सर, तुमी म्हनता ते खरं हाये. आमच्यात शहाने कमी व्हते. शहाने असते, तं ताट घेऊन रांगेत उभे रायले असते."

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी बैलासारखं हंबरलं, आणि ती वेळ गेली.

कार्यक्रम संपला. मुलं उठू लागली. मोठे बाबा व्यासपीठावरून उतरून थेट आमच्या रांगेच्या दिशेनं येत होते. तोंडावर ते मळ्यातलं हसू, उजवा हात थोडा उचललेला, खांद्याला कापडी पिशवी. दिलीपनं मला कोपर मारलं.

"हे बंडीवाले तुयाकडंच पाहून रायले बे. ओळखीचे हायेत का?"

मी म्हटलं, "हो. आमच्याकडे भाजी घालतात."

दोन हातांवर होते ते. ऐकू गेलं. उचललेला हात तसाच वर नेऊन त्यांनी टोपी नीट केली. मग पुढे येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि परक्याशी बोलावं तसे म्हणाले, "सायेब, मोटारस्टँड कोन्या बाजूले हाये?"

मला स्टँड कोणत्या बाजूला आहे ते त्यांनीच दाखवलं होतं. कॉलेजात नाव घालायला तेच माझ्याबरोबर आले होते. मी हात करून फाटकाकडे दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं सायेब, भेटले तुमी." आणि गेले. दारात सर त्यांना चहाला थांबवत होते. बस चुकेल म्हणून थांबले नाहीत.

संध्याकाळी होस्टेलवर गेलो तर वॉचमननं एक गाठोडं दिलं. "अकोल्याचे भाजीवाले ठेवून गेले. खोली नंबर बरोबर सांगतला." म्हणजे स्टँडच्या उलट दिशेला, होस्टेलपर्यंत ते चालत आले होते आणि मग परत फिरले होते. फडकं मोठ्या आईच्या जुन्या लुगड्याचं होतं. आत मेथीचे आठ धपाटे, मिरचीचा ठेचा, गूळ, आणि दोन कांदे. आमच्याकडे शिदोरीत माणशी एक कांदा बांधतात. दोन कांदे पाहून मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंच होतं. पण दिलीप आणि आणखी दोघं भोवती जमले होते, धपाट्यांचा वास सुटला होता, आणि आम्ही चौघांनी ते दोन-दोन वाटून खाल्ले.

"भल्ले झाले बे! कोनं पाठवले?"

"घरून आले," मी म्हटलं. निदान तेवढं तरी खरं होतं.

त्या दिवाळीला घरी गेलो. मोठी आई पाहुण्यांच्या घोळक्यात बसून सांगत होती, "अमरावतीले गेले व्हते ना हे, तं बापूनं सगळ्या पोरायसमोर पायावर डोकं ठेवलं. म्हने, हे माहे मोठे बाबा. अन् कॉलेजातल्या निंबाखाली बसून दोघं संगं जेवले." मोठे बाबा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मीही काही बोललो नाही. पाहुण्यांमधले एक आजोबा मला म्हणाले, "शाबास बापू," आणि मी ती शाबासकी घेतली.

त्यानंतर सात वर्षं मोठे बाबा होते. त्या सात वर्षांतल्या किती सकाळी मी त्यांच्याबरोबर वाफ्यात उकिडवा बसलो असेन. जमीन गार, बोटांना मेथीचा हिरवा रंग, वर चिमण्यांचा कलकलाट. प्रत्येक वेळी वाटे, आज बोलावं. एकदा तर सुरुवातही केली होती. "मोठे बाबा, अमरावतीला त्या दिवशी..." त्यांनी जुडीला सुतळीची गाठ मारली आणि म्हणाले, "पानी फुटलं पाय तिकडं, दारं मोड." मी पाटाचं दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला गेलो. परत आलो तेव्हा ते आपणहून बोलू लागले, पण भलत्याच विषयावर, शस्त्रं खाली ठेवायला सांगणाऱ्या त्या पुढाऱ्यांविषयी.

"आमी तवा लय चिडलो व्हतो त्यायच्यावर. आपलेच मानसं म्हनतात, हे आपले नाई. पन म्हातारा झालो तसं मले वाटते, त्यायच्या मांगं बी कोनी उभं असन. त्यायले बी कोनाची लाज असन. आपल्या मानसानं नाई म्हटलं, तं त्याचा राग धरू नाई."

मी खाली मान घालून जुड्या बांधत राहिलो. ते पुढाऱ्यांविषयीच बोलत आहेत, अशी माझी मी समजूत घातली. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.

पुढे मी त्या बंडावर मिळेल ते वाचलं. वर्दीतला हिंदी माणूस आता आपल्या हातात राहिला नाही, हे इंग्रजांना त्या दिवसांत उमगलं, असं काही जण लिहितात. काही म्हणतात, त्याला उगाच मोठं करू नका, पोरासोरांचा पाच दिवसांचा गोंधळ तो. मला त्यात निवाडा करता येत नाही. हरलेल्या त्या बंडातून इतिहासात काय उरलं ते विद्वानांनी ठरवावं. आमच्या घरी त्यातून एक माणूस उरला होता, ज्याला मुंबईत एका अनोळखी बाईनं जेवू घातलं होतं आणि ते तो आयुष्यभर विसरला नाही. त्याच्या दारावरून कोणी, भिकारी असो की भांडायला आलेला असो, उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही.

आणि मोठ्या आईची ती गोष्ट चालूच राहिली. तिनं ती माझ्या बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितली. माझ्या मुलीला तर ती पाठ आहे. लहानपणी ती रंगवून सांगायची, "बाबांनी मोठ्या आजोबांना झाडाखाली बसवलं आणि घास भरवला." घास भरवला हे तिचं स्वतःचं. दर वेळी मी तिथेच बसलेला असायचो.

त्या रिकाम्या हॉलमध्ये मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. दाखला न घेताच निघालो आणि अकोल्याच्या बसमध्ये बसलो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. कापूस निघून गेलेली काळी रानं, कुठे हरभरा, नाल्याच्या काठाला फुललेला एखादा पळस. मोर्णेच्या पुलावरून मळ्याची जागा दिसते. आता तिथे लेआउट पडलं आहे. सिमेंटचे खांब, नंबर लिहिलेले दगड, मध्येच एक कुत्रं झोपलेलं. मी तिकडे पाहिलं नाही असं नाही, पण उतरलो नाही.

मोठी आई जुन्या शहरात दोन खोल्यांत राहते. नव्वदीला टेकली आहे. डोळ्यांनी अंधूक दिसतं, कान तिखट आहेत. मी उंबरठा ओलांडला तोच म्हणाली, "बापू का? आज कायचा वार हाये तं आला?"

चहा झाला. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सूचनेपासून धपाट्यांपर्यंत. मधे थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, म्हणून थांबलो नाही. तिनं एकदाही टोकलं नाही. बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. नंतर ती बराच वेळ लुगड्याचा काठ बोटांत चाळत बसली.

"म्हंजे जेवले नाई तुमी संगं," ती म्हणाली.

"नाही."

"दोघायची बांधून देल्ली व्हती मी."

"हो."

ती काहीतरी मागे जाऊन शोधत होती. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी दिवे लागता लागता आले व्हते ते. मी म्हटलं, वाढू का? तं म्हने, नाई, बापूसंगं भल्लं जेवलो, पोट टन्न हाये. म्हून मी वाढलंच नाई." तिचा आवाज बदलला. "उपाशी निजले बापू ते. मी घरात असून उपाशी निजले."

हे मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं मी जे ओझं वाहत होतो ते मी पूर्ण मोजलं आहे असं समजत होतो. माझं खोटं झाकण्यापायी त्यांना त्या संध्याकाळी उपास घडला होता, आणि तो त्यांनी हसत काढला होता. मी मोठ्या आईच्या पायाला हात लावायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले.

"मले काहून सांगतं? मी का त्यायले ओयखत नव्हती? ज्याच्यासमोर नाई म्हटलं त्याले सांग."

"मोठी आई, पस्तीस वर्षं झाली."

"मेला का तो?"

"नाही. दिलीप आहे अमरावतीला."

"मंग लाव फोन."

तिच्यासमोर मला नाही म्हणता आलं नाही. दिलीपनं फोन उचलला. सणासुदीला आमचं बोलणं होतं, त्यामुळे तो खुशीत होता. मी त्याला त्या दिवसाची आठवण करून दिली. हॉल, नाविकांचं बंड, धोतरातले आजोबा.

"कोनते बे? नाई आठवत यार. कॉलेजात किती आले अन् गेले."

"त्याच संध्याकाळी होस्टेलवर धपाटे खाल्ले होते आपण. लुगड्याच्या फडक्यात."

"धपाटे! हो बे! ठेच्यासंगं! तसे धपाटे मी त्यानंतर कुठंच नाई खाल्ले. ते आठवतात ना."

"ते त्यांचे होते. त्यांच्या वाटचे. ते आमच्याकडे भाजी घालत नव्हते, दिलीप. ते माझे मोठे बाबा होते. सख्खे. मी तुझ्याशी खोटं बोललो."

तो म्हणाला, "तवाच सांगतलं असतं लेका. मी हसलो असीन त्यायले. हसलो होतो का मी?"

"मीही हसलो होतो."

मोठ्या आईनं हात पुढे केला. "दे इकडं." मी फोन तिच्या कानाला लावला. ती फोनमध्ये नेहमी ओरडूनच बोलते, पल्याडचा माणूस नदीच्या दुसऱ्या काठावर असल्यासारखी.

"कोन, दिलीप का? मी बापूची मोठी आई बोलून रायली. हो. हो रे, मीच केले व्हते ते धपाटे. रडू नको बाप्पा, जुनी गोष्ट हाये... आयक. चौघायनं खाल्ले ना तुमी? ते दुसरे दोघं कुठं हायेत आता? असन तिथून धुंडून आन त्यायले. अन् या चौघंई येत्या आयतवारी. माह्या हातून आता थापल्या जात नाई, पन समोरच्या सुनीकडून करून घेईन. पाच पानं मांडतो, चार तुमचे अन् एक बापूच्या मोठ्या बाबायचं. पह्यले त्यायच्या पानावर वाढू, मंग तुमी बसजा."